लाईट गेली तरी न विसरणारी मेमरी: ती शोधणाऱ्या डॉ. आन वँग यांची गोष्ट

मोबाईलच्या दुकानात गेलात की काउंटरवरचा पोरगा पहिला प्रश्न विचारतो, सहा-एकशे अठ्ठावीस दाखवू की आठ-दोनशे छप्पन्न? आपण आठ-दोनशे छप्पन्न म्हणतो. मोठा आकडा चांगला असतो एवढं तर सगळ्यांनाच माहिती असतं. पण एकाच मोबाईलला दोन मेमऱ्या कशाला, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

तर उत्तर असं. आठ जीबी म्हणजे रॅम. मोबाईल चालू असताना जे काम सुरू आहे ते इथं असतं. दोनशे छप्पन्न जीबी म्हणजे स्टोरेज. फोटो, व्हिडिओ, ॲप सगळं इथं पडून राहतं. मोबाईल बंद केला की रॅममधलं सगळं पुसलं जातं, स्टोरेजमधलं जसंच्या तसं राहतं. पहिलीला म्हणतात व्होलाटाइल मेमरी, दुसरीला नॉन-व्होलाटाइल. केमिस्ट्री शिकलेल्यांना हा शब्द ओळखीचा असेल. स्पिरिटची बाटली उघडी ठेवली की स्पिरिट उडून जातं, तशी वीज गेली की उडून जाते ती व्होलाटाइल मेमरी. कॉम्प्युटरवर दोन तास टायपिंग केलं, सेव्ह केलं नाही आणि लाईट गेली, तर काय होतं हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला वेगळं सांगायची गरज नाही.

आपल्याला वाटतं हे असंच असतं. रॅम म्हटलं की ती विसरणारच. पण एक काळ असा होता, जवळपास वीस वर्षांचा, जेव्हा कॉम्प्युटरची मुख्य मेमरी वीज गेली तरी काहीच विसरत नव्हती. मशीन बंद करा, आठवड्यानं चालू करा, आकडे जिथल्या तिथं. ती मेमरी ज्यांच्या डोक्यातून निघाली त्यांच्यात एक महत्त्वाचं नाव आहे डॉ. आन वँग. एकेकाळी अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये या माणसाच्या नावाची पाटी नसलेलं मशीन सापडणं अवघड होतं. आज त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.

वँग यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९२० चा, चीनमधल्या शांघायचा. घर मूळचं कुनशानचं, शांघायपासून पन्नासेक किलोमीटरवर. वडील इंग्रजीचे शिक्षक, जोडीला चिनी औषधांची जाण. वडील शिकवत त्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्गच नव्हते, त्यामुळं पोराला थेट तिसरीत बसवलं. तेव्हापासून वँग कायम आपल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मुलांसोबत शिकले. सोळाव्या वर्षी ते शांघायच्या चिआओ तुंग विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगला गेले.

पुढच्याच वर्षी, १९३७ ला, जपाननं चीनवर हल्ला केला. विद्यापीठ शांघायमधल्या फ्रेंच वसाहतीत हलवलं गेलं आणि तिथंच वँग यांचं शिक्षण पूर्ण झालं. नंतर ते ग्विलिनला गेले. तिथल्या सरकारी रेडिओ कारखान्यात सैन्यासाठी ट्रान्समीटर बनवायचं काम होतं. पुरेसे पार्ट नाहीत, वरून विमानहल्ले, अशात जे हाताला लागेल त्यातून मशीन उभं करायचं. युद्धाच्या त्या वर्षांत त्यांचे आई-वडील गेले, एक बहीण गेली. एवढं सगळं होऊनही पुढं त्यांनी स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिताना या भागावर फार पानं खर्च केलेली नाहीत.

१९४५ मध्ये चिनी इंजिनीअर्सना अमेरिकेत पाठवायची एक योजना आली आणि त्यात वँग यांची निवड झाली. दोन वर्षं तिकडचं तंत्रज्ञान बघायचं, परत येऊन देश उभारायचा, असा बेत होता. वँग हार्वर्डला पोचले, वर्षभरात मास्टर्स केलं आणि १९४८ ला फिजिक्समध्ये पीएचडीही मिळवली. तोवर चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता येणार हे दिसू लागलं होतं. वँग परत गेले नाहीत. त्यांना नोकरी हवी होती आणि ती मिळाली हार्वर्डच्याच कॉम्प्युटेशन लॅबमध्ये, हॉवर्ड ऐकेन यांच्या हाताखाली. ऐकेन म्हणजे हार्वर्ड मार्क वन हे अवाढव्य गणनयंत्र उभं करणारे गृहस्थ.

आता १९४८ सालची परिस्थिती काय होती ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर वँग यांनी काय केलं हे कळणार नाही.

कॉम्प्युटरला आकडेमोड जमायला लागली होती, अडत होतं ते आकडे लक्षात ठेवण्यावर. एक उपाय होता पाऱ्याच्या नळीचा. पारा भरलेल्या नळीत एका टोकाकडून आवाजाची लहर सोडायची, दुसऱ्या टोकाला पोचली की पकडून पुन्हा पहिल्या टोकाला सोडायची. आकडा म्हणजे ती फिरती लहर. दुसरा उपाय टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसारख्या नळीचा. काचेवर विजेचे ठिपके उमटवायचे आणि ते विरायच्या आत पुन्हा पुन्हा उमटवत राहायचे. दोन्ही व्होलाटाइल. वीज गेली की लहर संपली, ठिपके विझले. तिसरा उपाय होता फिरत्या ड्रमचा. त्यावर चुंबकानं नोंद करायची. ती वीज गेली तरी टिकायची, पण ड्रम फिरून हवी ती जागा येईपर्यंत वाट बघा. कॉम्प्युटरच्या हिशेबात ही वाट म्हणजे युग.

म्हणजे वेगवान हवी तर विसरणारी घ्या, न विसरणारी हवी तर हळू चालणारी घ्या. थोडक्यात, आजच्या मोबाईलमध्ये आहे तोच तिढा. ऐकेन यांनी नव्या पोराला नेमका हाच प्रश्न दिला. चुंबकात माहिती ठेवायची, वाचायची, पण काहीही फिरता कामा नये.

चुंबकच का, तर चुंबकाला लक्षात ठेवायला वीज लागत नाही. दाराची कडी आठवा. वर केली की वर राहते, खाली केली की खाली राहते, कुणी धरून बसावं लागत नाही. दारावरच्या बेलचं उलट असतं, बटण दाबलंय तोवर वाजते, बोट काढलं की बंद. व्होलाटाइल मेमरी म्हणजे बेल, चुंबक म्हणजे कडी. एका विशिष्ट धातूची छोटी रिंग घ्यायची, तिच्यातून जाणाऱ्या तारेत विजेचा झटका द्यायचा. झटका एका दिशेनं दिला तर रिंगमधलं चुंबकत्व घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, उलटा दिला तर उलट. एका दिशेला एक म्हणायचं, दुसऱ्या दिशेला शून्य. झटका देऊन वीज बंद केली तरी दिशा तीच राहते.

लिहिणं सोपं होतं. गाडी अडली ती वाचण्यापाशी.

रिंग कुठल्या दिशेला आहे हे ओळखायचं कसं? बाहेरून बघून कळत नाही. एकच मार्ग दिसत होता. तिला शून्याच्या दिशेनं झटका द्यायचा. ती आधीच शून्य असेल तर काही होणार नाही. ती एक असेल तर पलटेल आणि पलटताना शेजारच्या तारेत बारीकशी वीज उमटेल. वीज उमटली म्हणजे एक होता. पण आता तिथं शून्य आहे! काडेपेटीतली काडी सादळलीये की चांगली आहे, हे बघायला ती पेटवावी लागते आणि पेटली की ती काडी संपली, तसलाच प्रकार. माहिती वाचली की माहिती नष्ट.

वँग काही आठवडे या भिंतीवर डोकं आपटत राहिले. वाचताना चुंबकत्व बिघडू नये यासाठी काय करता येईल, याच दिशेनं विचार चालला होता. मग एके दिवशी हार्वर्डच्या आवारातून चालत जाताना त्यांच्या लक्षात आलं की आपण चुकीची गोष्ट वाचवायला धडपडतोय. रिंगमधली माहिती पुसली गेली तर जाऊ दे. ती काय होती हे तर आपल्याला वाचल्यामुळं कळलेलंच आहे. मग तीच माहिती लगेच परत लिहून टाकायची. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात हे होणार, कुणाला पत्ताही लागणार नाही.

बास, एवढंच. ऐकायला अगदीच साधं वाटतं. पण वर्षानुवर्षं अडलेल्या बऱ्याच गोष्टी अशाच सुटतात, म्हणून मला हा किस्सा त्यांच्या पुढच्या सगळ्या कंपनी-बिंपनीपेक्षा जास्त आवडतो.

इथं एक गोंधळ मात्र टाळला पाहिजे. वाचल्यावर पुसली जाणारी मेमरी आणि वीज गेल्यावर पुसली जाणारी मेमरी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वँग यांची रिंग वाचल्यावर पुसली जायची, पण वीज गेल्यावर नाही, म्हणून ती नॉन-व्होलाटाइल. आजच्या रॅमचं काय? तिच्यात एक एक बिट म्हणजे विजेचा अगदी छोटा साठा. तो वाचताना निघून जातो, म्हणून वाचल्यावर लगेच परत लिहावा लागतो. शिवाय वीज बंद झाली तरी जातो. म्हणजे आजची रॅम दोन्ही बाजूंनी विसरभोळी. पण वाचा-पुसा-परत लिहा ही वँग यांनी वापरलेली युक्ती तिच्यातही आहे. हा लेख तुम्ही मोबाईलवर वाचत असाल तर या क्षणी तुमच्या हातात ती सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू आहे.

ऑक्टोबर १९४९ मध्ये वँग यांनी पेटंटसाठी अर्ज केला, तोही स्वतःच्या नावानं. हे लॅबमध्ये फारसं रुचलं नाही. ऐकेन यांना संशोधनावर पेटंट घेणं पटत नसे आणि त्या काळी विद्यापीठात अशी पद्धतही नव्हती. पण हार्वर्डनं अडवलंही नाही. त्याच वर्षी वँग यांचं लग्न झालं, लॉरेन यांच्याशी. त्यासुद्धा शांघायच्याच.

पुढं हार्वर्डनं कॉम्प्युटरचं संशोधन आवरतं घ्यायचं ठरवलं. मग जून १९५१ मध्ये वँग यांनी बॉस्टनमध्ये एक खोली भाड्यानं घेतली आणि बाहेर पाटी लावली, वँग लॅबोरेटरीज. भांडवल होतं ६०० डॉलर, जे घरातली शिल्लक होती. ऑर्डर एकही नव्हती. चिनी माणसानं अमेरिकेत स्वतःच्या नावानं तंत्रज्ञानाची कंपनी काढायची, तेही कोरियात अमेरिका आणि चीनचे सैनिक समोरासमोर लढत असताना, घरात लहान मूल असताना. मित्रांनी वेड्यात काढलं तर नवल नाही. पहिला माल होता त्याच चुंबकी रिंगा, म्हणजे मेमरी कोअर. भाव एका नगाला ४ डॉलर. म्हणजे एक बिट ४ डॉलरला! आजच्या आठ जीबीचा हिशोब या भावानं करून बघा, आकडा कुठं जातो ते.

इथं दुसऱ्या एका माणसाचं नाव घेतलं नाही तर अन्याय होईल. वँग यांची मेमरी रांगेत चालायची. एका रिंगमधली माहिती पुढच्या रिंगमध्ये, तिथून पुढच्या. मधलीच एखादी रिंग थेट वाचायची सोय नव्हती. ती सोय केली हार्वर्डपासून जवळच असलेल्या एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी. त्यांनी रिंगांची जाळी विणली, उभ्या तारा आणि आडव्या तारा. नाट्यगृहात रांग आणि खुर्चीचा नंबर सांगितला की नेमकी खुर्ची सापडते, तसं. उभ्या तारेतून अर्धा झटका, आडव्या तारेतून अर्धा झटका. दोन्ही जिथं एकमेकींना छेदतात तेवढ्याच रिंगला पूर्ण झटका बसतो, बाकीच्या जागच्या हलत नाहीत. १९५३ मध्ये ही जाळी एमआयटीच्या व्हर्लविंड कॉम्प्युटरला बसवली. तोवर त्यात काचेच्या नळ्या होत्या, सतत बिघडणाऱ्या. नव्या मेमरीनं मशीनचा वेगही वाढला आणि भरवसाही. वाचून परत लिहायची पद्धत मात्र तीच.

मग मैदानात उतरली आयबीएम. कॉम्प्युटरच्या धंद्यात पुढं जायचं तर कोअर मेमरी लागणार हे त्यांनी ओळखलं होतं. १९५३ मध्ये त्यांनी वँग यांना महिन्याला १,००० डॉलरवर सल्लागार नेमलं आणि पेटंटची बोलणी सुरू केली. ती रेंगाळत राहिली. मे १९५५ मध्ये पेटंट मंजूर झालं. मार्च १९५६ मध्ये वँग यांनी ते आयबीएमला विकलं, ५ लाख डॉलरला. पण त्याच सुमारास आणखी एक अर्जदार पुढं आला. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करून घरी प्रयोग करणारे फ्रेडरिक व्हीही. त्यांनी १९४७ मध्येच अशाच कल्पनेसाठी अर्ज केला होता. या दाव्याचा निकाल लागेपर्यंत आयबीएमनं काही रक्कम राखून ठेवली होती. वँग एका मुद्द्यावर हरले आणि ती रक्कमही हातची गेली. आयबीएमला हे आधीपासून माहिती होतं, असा संशय वँग यांच्या मनातून कधी गेला नाही.

सौदा तोट्याचा होता का? त्या वेळच्या छोट्या कंपनीसाठी ते पैसे म्हणजे जीवदान होतं, हे खरं. पण फॉरेस्टर यांच्या पेटंटवरून एमआयटी आयबीएमशी भांडत राहिली आणि १९६४ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलर घेऊन उठली. मागं मोठी संस्था असली की थांबता येतं. भाड्याच्या खोलीतल्या माणसाला नाही थांबता येत.

पुढची पंधरा-सोळा वर्षं जगभरच्या कॉम्प्युटरमध्ये हीच मेमरी होती. शाबुदाण्याहून बारीक रिंगा, त्यातून ओवलेल्या तारा. हे ओवायचं काम बहुतेक बायकांच्या हातांनी, भिंगाखाली चालायचं. भाव एका बिटला एका डॉलरवरून एका सेंटवर आला. आपल्या मुंबईतसुद्धा ही मेमरी होती. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चनं बनवलेला टिफरॅक हा कॉम्प्युटर १९६० मध्ये चालू झाला, त्याची मुख्य मेमरी फेराइट कोअरची होती, ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी. आजचा एखादा गुड मॉर्निंगचा फोटोही त्यात बसणार नाही.

या मेमरीची खरी परीक्षा झाली १४ नोव्हेंबर १९६९ ला. अपोलो १२ हे यान चंद्राकडे निघालं आणि उड्डाणानंतर मिनिटभरात त्यावर दोनदा वीज पडली. यानाचे फ्युएल सेल बंद झाले, दिशा दाखवणारी यंत्रणा भरकटली, समोरच्या पॅनेलवर धोक्याचे दिवे लागले. यानातला कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होऊन कामाला लागला. त्याची मेमरी कोअरची होती. तिला जे सांगून ठेवलं होतं ते तसंच होतं. यान चंद्रावर जाऊन परतही आलं.

मग एवढी भरवशाची मेमरी गेली कुठं?

ती हरली किमतीत आणि आकारात. १९६६ मध्ये आयबीएममधल्याच रॉबर्ट डेनर्ड यांनी एक बिट साठवायला फक्त एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो, हे शोधून काढलं. आजची रॅम म्हणजे ही डीरॅम. ऑक्टोबर १९७० मध्ये इंटेलनं ११०३ ही चिप बाजारात आणली. तिची रचना थोडी वेगळी, एका बिटला तीन ट्रान्झिस्टरची, पण तत्त्व तेच. एका चिपवर १,०२४ बिट. तिच्यात माहिती म्हणजे छोट्याशा बादलीत भरलेली वीज आणि बादली गळकी. सारखं बघत राहायचं आणि भरत राहायचं. आजच्या डीरॅमलाही साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पूर्ण फेरी मारून सगळ्या बादल्या भराव्या लागतात, म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा. वीज गेली की भरणारा गेला आणि बादल्या रिकाम्या. तरीही लोकांनी तीच घेतली, कारण ती छापता येत होती. रिंगा ओवाव्या लागत होत्या. छापणं आणि ओवणं यात कोण जिंकणार हे सांगायला नको.

म्हणजे कॉम्प्युटरला विसरायची सवय निसर्गानं लावलेली नाही, ती आपण विकत घेतली, स्वस्तात मिळत होती म्हणून. कायमचं जपून ठेवायचं काम डिस्ककडं दिलं, पुढं ते फ्लॅश मेमरीकडं आलं. मग फ्लॅशलाच रॅम म्हणून का वापरत नाहीत? कारण ती हळू आहे, तिच्यातलं पुसायचं तर एकेक बिट नाही, आख्खा गठ्ठा पुसावा लागतो आणि लिहून-पुसून ती झिजते. मधला मार्ग काढायचे प्रयत्न झाले. इंटेलनं ऑप्टेन नावानं तसं काही विकून पाहिलं आणि २०२२ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. चुंबकावर चालणारी एमरॅमही आहे, पण मोजक्या कामांपुरती.

या चिपांनी वँग यांचा शोध तर मोडीत काढलाच, धंदाही हलवला. १९६० च्या दशकात त्यांची कंपनी टेबलावर ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरसाठी ओळखली जायची. ऑगस्ट १९६७ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा १२.५० डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ४०.५० वर बंद झाला. पण चिपांमुळं कॅल्क्युलेटर इतके स्वस्त होणार की त्यात काही उरणार नाही, हे वँग यांनी वेळेत ओळखलं आणि चालत्या धंद्यातून पाय काढून घेतला. गेले ते थेट ऑफिसातल्या टायपिस्टच्या टेबलावर.

१९७६ मध्ये वँग यांचा वर्ड प्रोसेसर आला. तोवर पत्रात एक चूक झाली तर पान पुन्हा टाइप करायचं. आता पत्र स्क्रीनवर दिसायला लागलं, चूक तिथंच सुधारायची, मग छापायचं. मशीन बनवायच्या आधी हॅरोल्ड कॉपलो आणि डेव्हिड मोरोस या दोघांनी ते कसं वापरायचं याचं पुस्तक लिहून काढलं आणि त्याबरहुकूम मशीन बनवलं गेलं, म्हणून ते कॉम्प्युटरमधलं काही न कळणाऱ्यालाही जमायचं. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं गंमत अशी, की न विसरणाऱ्या मेमरीचा हा जनक आता विसरणाऱ्या चिपांवर मशीन विकत होता. टायपिंग चालायचं चिपमध्ये, कागदपत्र कायमचं राहायचं डिस्कवर. व्होलाटाइल आणि नॉन-व्होलाटाइल हे शब्द कधीही न ऐकलेल्या हजारो ऑफिस सेक्रेटरींना त्यातला फरक रोजच्या कामातून कळायला लागला.

कंपनी वाढतच गेली. मुख्यालय लोवेलला नेलं. कापडगिरण्या बंद पडून ओस झालेलं हे गाव, गिरणगाव बघितलेल्या मुंबईकराला ते चटकन कळेल. तिथं बारा मजली तीन टॉवर उभे राहिले, हजारोंना नोकऱ्या मिळाल्या. १९८० च्या दशकात कंपनीची वर्षाची उलाढाल ३ अब्ज डॉलरपर्यंत पोचली. बॉस्टनमधलं मोडकळीला आलेलं मोठं नाट्यगृह वाचवायला वँग यांनी देणगी दिली, तेव्हा त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. आयबीएमला मागं टाकायचं, हे मात्र त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

आयबीएमनं त्यांना मागं टाकलं ते १९८१ मध्ये काढलेल्या पर्सनल कॉम्प्युटरनं. टायपिंगही करणारा आणि बाकीचंही सगळं करणारा, शिवाय कुठल्याही कंपनीचं सॉफ्टवेअर चालणारा. वँगचं मशीन फक्त वँगचंच ऐकायचं. त्यात १९८६ मध्ये वँग यांनी थोरला मुलगा फ्रेड याला अध्यक्ष केलं. कंपनीतल्या जुन्या जाणत्यांना हे मान्य नव्हतं आणि त्यातले काही निघून गेले. घरची सत्ता घरातच ठेवायची, ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही. जून १९८९ ला संपलेल्या वर्षात कंपनीला ४२ कोटी ४० लाख डॉलरचा तोटा झाला. वँग यांना तेव्हा अन्ननलिकेचा कॅन्सर झालेला होता. त्याच अवस्थेत त्यांना पोटच्या पोराला पदावरून बाजूला व्हायला सांगावं लागलं. २४ मार्च १९९० ला ते गेले. वय सत्तर. ऑगस्ट १९९२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली आणि १९९४ मध्ये लोवेलचे ते तीन टॉवर लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेले. त्यांच्या बांधकामाला ६ कोटी डॉलर लागले होते.

आणखी एक नोंद राहिली. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच फुटलं. सात अंतराळवीर गेले. अवशेष अटलांटिक समुद्रात पडले आणि पुढं त्यातून यानाचे कॉम्प्युटर वर काढले गेले. स्पेस शटलच्या त्या कॉम्प्युटरमध्ये तेव्हाही जुनी कोअर मेमरीच होती, चिपा नव्हत्या. यानाचे तुकडे झाले, वीज तुटली, खारं पाणी शिरलं. पण त्या रिंगांमध्ये शेवटच्या क्षणी जे लिहिलं गेलं होतं, ते वाचता आलं.